कुजबुजींचा हंडा

एका राज्यात सकाळ उजाडली की माणसे देवाआधी एका खांबाला हात लावत. खांब काळ्या पाषाणाचा, ताडाएवढा उंच, राजवाड्यासमोरच्या चौकात रोवलेला. त्याचे नाव नेमस्तंभ. त्याच्यावर तळहात टेकवायचा आणि आज काय करणार ते मोठ्याने बोलायचे. बोललेला नेम सोन्याच्या अक्षरांनी खांबावर उमटे, आणि तो पुरा होईपर्यंत त्या माणसाचे हात थांबत नसत.

हा खांब तिथे आला कसा, ते आधी ऐका.

त्या राज्याचा राजा मणिकेतू मनाने मोठा, पण स्वभावाने उतावळा. हाती घेतलेले काम अर्धे राहिले की त्याला घास गोड लागत नसे, आणि त्याच्या राज्यात अर्धी कामे रगड होती. तळे खणले, काठ बांधायचा राहिला. नदीच्या घाटाला पायऱ्या बांधल्या, त्या पाण्यापर्यंत पोचल्याच नाहीत. शेवटच्या पायरीवरून माणसे पदर-धोतर सावरून उडी मारत. राजा प्रधानावर ओरडे, प्रधान कारागिरांवर ओरडे, आणि कारागीर म्हणत, "करतो की, महाराज."

एके दिवशी दरबारात उल्कामुख नावाचा मांत्रिक आला. त्याच्यामागून खांब चालत आला, पायांवाचून, आणि सिंहासनासमोर उभा राहिला.

"महाराज, हा घ्या," उल्कामुख म्हणाला. "याला हात लावून जो नेम बोलाल तो तडीस जाईल. तुमच्या राज्यात अर्धे असे काही उरणार नाही."

"याचे मोल?"

"तुमच्या उपयोगाचे नाही तेवढेच मागतो. काम करता करता माणसाच्या मनात एक कुजबुज उठते. 'जरा थांब.' 'हे काही खरे नव्हे.' 'अंमळ डावीकडे घे.' जो खांबाला हात लावील त्याची कुजबुज माझी."

राजा मोठ्याने हसला. "ती तर आळशांची सबब! खुशाल घेऊन जा."

आणि सर्वांच्या आधी त्याने आपला हात टेकवला.

राजाची राणी वेलावती समुद्रकाठच्या राजाची लेक. त्या वेळी ती भावाच्या लग्नासाठी माहेरी गेली होती. कधीतरी जेवताना ती सहज बोलून गेली होती, "इथे सगळे आहे, एक समुद्र तेवढा नाही." राजाने ते काळजात जपून ठेवले होते. म्हणून तो खांबाला म्हणाला, "माझ्या राणीला माथ्यावरून समुद्र दिसेल, एवढा उंच बुरुज मी माझ्या हातांनी बांधीन."

सोन्याची अक्षरे उमटली, आणि खांब आपसूक चौकात जाऊन रोवला गेला. राजाने मुकुट काढून ठेवला, अंगरखा काढून ठेवला, आणि पहिला दगड उचलला.

पावसाळा माहेरी काढून वेलावती परतली, तेव्हा तिला सीमेवरूनच तो बुरुज दिसला. त्याचा माथा ढगात गेला होता. सारथ्याने विचारले, "राणीसाहेब, हे काय?" तिने रथ पिटाळायला सांगितला.

नगरात शिरली तशी ती चकित झाली. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरल्या होत्या, रस्ते चकचकीत होते, कुणी कुठे रेंगाळत नव्हते. पण रथ जसजसा पुढे गेला तसतसे तिच्या अंगावर शहारे आले. विणकराने वेशीपासून नदीपर्यंत पोचेल एवढा शेला विणायचा नेम केला होता. शेला नदीत बुडून कुजत होता आणि विणकर विणत होता. हलवायाने कढईभर खवा आटवायचा नेम केला होता. खव्याचा कोळसा झाला तरी त्याचा झारा फिरतच होता, कारण कढई अजून भरली नव्हती. वैद्यबुवांनी दुपारपर्यंत रांग संपवायचा नेम केला होता, आणि ज्याचे पोट दुखे त्यालाही तेच चूर्ण, ज्याचा पाय मोडला त्यालाही तेच. पूर्वी नाडी धरताच त्यांच्या मनात काहीतरी हले. आता हलत नव्हते. कुणाच्याच मनात पाल चुकचुकत नव्हती.

प्रधान भानुदत्त सामोरा आला. "राणीसाहेब, प्रवासातून आलात. आधी खांबाला हात लावा, आजचा नेम बोला."

राणीने हात पुढे केला. दगडाला बोटे लागणार एवढ्यात तिच्या मनात काहीतरी चुळबुळले. कारण काही सापडले नाही, पण हात मागे आला.

"आधी महाराजांना भेटते," ती म्हणाली.

ती बुरुज चढू लागली. जिना संपता संपेना. वरती, वाऱ्यात, मणिकेतू दगडावर दगड रचत होता. तळहात सोलवटले होते, दाढी चुन्याने पांढरी झाली होती. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला, पण हात थांबले नाहीत.

"वेला! थोडेच राहिले. तुला समुद्र दिसेल."

"मला समुद्र नको, महाराज. तुम्ही खाली चला."

"थोडेच राहिले."

"बुरुज हलतो आहे. तुम्हाला कळत नाही का?"

राजाने तिच्याकडे पाहिले. प्रेमाने पाहिले, पण कान असून बहिरा पाहतो तसे पाहिले. "थोडेच राहिले," तो म्हणाला आणि पुढचा दगड बसवला. पायाखालचा बुरुज झाडासारखा डोलला आणि परत सरळ झाला.

राणी खाली आली ती रडत नव्हती. रडायला वेळ कुठे होता?

राजवाड्यामागच्या वडावर एक भारद्वाज बसला होता. तांबड्या डोळ्यांचा, तांब्याच्या पंखांचा, आणि भारी रुसलेला. त्याचे नाव लालाक्ष.

"एक तरी माणूस वर बघेल तर शपथ!" तो बडबडत होता. "पूर्वी मी दिसलो की माणसे हातातले काम टाकत, शकुन झाला म्हणत. आता मी डोक्यावरून गेलो तरी मान वर होत नाही."

"मी पाहते आहे," राणी म्हणाली.

भारद्वाजाने मान तिरकी केली. "म्हणजे तुझी कुजबुज शाबूत आहे. बाकीच्यांच्या त्या मांत्रिकाने हंड्यात भरून नेल्या. हंडा आहे काजळडोंगराच्या गुहेत. वाटेत तीन अडथळे आहेत. तिथून परतलेला मी तरी पाहिला नाही."

"मला वाट दाखवशील?"

"वाट दाखवीन. अडथळ्यांत मात्र तोंड उघडणार नाही. मला तिथे शाप आहे. तिथे तुझे तूच बघ."

वेलावतीने कमरेला कट्यार खोचली, शेला आवळून बांधला, आणि बुरुजाकडे तोंड करून म्हणाली, "हंडा आणीन आणि महाराजांना खाली उतरवीन. हा माझा नेम." ती खांबापाशी नव्हे, स्वतःशी बोलली. मग भारद्वाज पुढे आणि राणी मागे, अशी दोघे निघाली.

रान सुरू झाले तसा पहिला अडथळा आला. खरे तर तो अडथळा वाटतच नव्हता. काट्याकुट्यांतून एक रुंद, गुळगुळीत, फरशी घातल्यासारखा रस्ता थेट काजळडोंगराकडे जात होता. टोकाला डोंगर स्वच्छ दिसत होता. राणीला हर्ष झाला. असा सरळ रस्ता असताना वेळ का दवडा? तिने पाऊल उचलले.

आणि मनात पाल चुकचुकली.

ती थबकली. तिने रस्ता निरखला. काहीच वावगे नव्हते. "उगीच भिते आहे," ती स्वतःला म्हणाली. पुन्हा पाऊल उचलले, पुन्हा तेच. मग तिच्या ध्यानात आले की रस्त्यावर वाळलेले एकही पान नव्हते. एवढे रान, एवढा वारा, आणि रस्त्यावर पान नाही? तिने एक दगड उचलून रस्त्यावर भिरकावला.

रस्ता शहारला. फरशा खवल्यांसारख्या उभ्या राहिल्या, कारण त्या खवलेच होत्या. दूर, जिथे रस्ता डोंगराला भिडतो असे वाटत होते, तिथे एक जबडा उघडला आणि मिटला. तो महाअजगर होता.

राणी काट्यांतून गेली. शेला फाटला, दंड ओरबाडले, पण डोंगराची दिशा तिने सोडली नाही.

रान संपले तिथे सरोवर लागले. वारा नव्हता, तरी पाणी खवळलेले. काठावर कासव बसले होते, बैलगाडीएवढे.

"पलीकडे जायचे?" कासवाने विचारले. "पाठीवर उभी राहा. लाट अंगावर आली की उडी घे. वेळेवर घेतलीस तर पार. चुकलीस तर मागे."

"लाटा कोणत्या ठेक्याने येतात?"

"ते तू बघ."

राणी पाठीवर चढली. लहानलहान दोन लाटा, मग मोठी, असा हिशेब तिने मनाशी बांधला आणि त्या हिशेबाने उडी घेतली. मोठी लाट आलीच नाही. ती कासवाच्या पाठीवर उतरली, आणि तेव्हा लाट आली. लाटेने तिला उचलून काठावरच्या चिखलात फेकले. तिने हिशेब बदलून पाहिला. पुन्हा चिखल.

"आणखी फार तर एकदाच," कासव म्हणाले. "मला झोप आली आहे."

चिखल पुसताना राणीला खाडीच्या तोंडाशी खेळणाऱ्या कोळ्यांच्या पोरी आठवल्या. ती राजाची मुलगी, पण दाईचा डोळा चुकवून त्यांच्यात जायची. लाट अंगावर आली की सगळ्या एकदम उडी घ्यायच्या. तेव्हा कुणी हिशेब केला होता? पायाखालची वाळू सरकायची, पोटऱ्यांना ओढ लागायची, आणि उडी आपसूक घेतली जायची. ते शिकायलाही कितीतरी दिवस नाकातोंडात पाणी गेले होते.

ती तिसऱ्यांदा कासवावर चढली. तिने चपला काढल्या आणि अनवाणी पावले कवचावर टेकली. डोळे मिटले. कवच किंचित खाली गेले, ओढ पोटऱ्यांत भरली... आणि राणी उडाली! पाण्याचा डोंगर तिच्या तळव्यांखालून गर्जत निघून गेला. पुन्हा ओढ, पुन्हा उडी! तिला हसू फुटले. पट्टराणी वेलावती सरोवराच्या मधोमध लहान पोरीसारखी खिदळत होती आणि वर भारद्वाज आनंदाने घिरट्या घालत होता.

पलीकडच्या काठावर तिसरा अडथळा होता. तिथे वाट दुभंगत होती. एक फाटा डोंगर चढत होता, दुसरा दरीत उतरत होता. राणी चढणीला लागली एवढ्यात दरीतून हाक आली.

"वेला! वेला, मी पडलो! लवकर ये!"

तो मणिकेतूचा आवाज होता. राणीचे काळीज लक्कन हलले. ती वळली आणि उतारावर धावली. आता मन कुजबुजत नव्हते, आरडत होते. धाव, धाव, तो मरेल, धाव! आतापर्यंत तिने मनाचे ऐकले होते आणि मनाने तिला तारले होते. मग आता ऐकायला नको का?

"वेला!"

एका खडकाला धरून तिने स्वतःला थोपवले. तिला धाप लागली होती. रस्त्यावर मनाने काय केले होते? हळूच सांगितले होते. सरोवरात? तेही हळूच. आणि आता छातीत ढोल वाजत होते. ही कुजबुज नव्हे, ही तिची भीती. भीती तिच्याबरोबर बुरुजावरूनच निघाली होती आणि आता तिला आवाज फुटला होता. महाराज नगरात, बुरुजावर आहेत. तिला गुहेत जायचे आहे. नेम तोच.

तिने त्या हाकेकडे पाठ फिरवली. हे जर चुकले असेल तर? खात्री कुणी द्यावी? ती डोळे पुसत चढत राहिली. तिसरी हाक आली ती राजाच्या आवाजात नव्हती. घुबडासारखे काहीतरी दरीत घुमले आणि विरले.

काजळडोंगराच्या गुहेत दुपारचे ऊन तिरपे शिरत होते. तांब्याचा हंडा झळाळत होता, त्याच्यातून पोळ्यासारखा गुणगुणाट येत होता, आणि हंड्याला पाठ लावून उल्कामुख बसला होता. दरबारात आलेला तो दांडगा मांत्रिक आता हाडांचा सापळा झाला होता. पुढ्यात पंचपक्वान्नांचे ताट होते. तो घास उचलत होता आणि खाली ठेवत होता.

राणीने वेळ घालवला नाही. कट्यार उपसून ती झेपावली. तिचा हात हलण्याआधीच तो बाजूला सरकला. तिने उजवीकडून वार केला, तो तिथे नव्हता. तिने वाकून पायावर वार केला, त्याने पाय आधीच उचलला होता. कट्यार खडकावर आपटली आणि मोडली.

"या हंड्यात तुमच्या सगळ्या सैनिकांच्या कुजबुजी आहेत," उल्कामुख थकलेल्या आवाजात म्हणाला. "मला कुणी मारू शकत नाही. माघारी जा."

हंडा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. उचलावा आणि पळावे. त्यासाठीच तर ती आली होती! तिने हात लांबवला... आणि तीच ती हळू चुळबुळ. नको. कारण सापडत नव्हते. नेम समोर होता आणि मन नको म्हणत होते. राणीने हात मागे घेतला आणि ती मांत्रिकासमोर खाली बसली.

"जेवत का नाहीस?" तिने विचारले.

मांत्रिक दचकला. हे त्याला कुणी विचारले नव्हते. "घास उचलला की आचारी कुजबुजतो, मीठ जास्त झाले. उठावे तर हमाल कुजबुजतो, पाठ जप. निजावे तर पहारेकरी कुजबुजतो, दाराशी कुणी आहे. खुशाल निजलो असे आठवतच नाही."

"एवढ्या सगळ्यांचे शहाणपण घेतलेस, ते कशासाठी? तुझा नेम काय होता?"

"माझा नेम..." उल्कामुखाने तोंड उघडले. "राज्य जिंकायचे... नको, थांब... डोंगर सोने करायचा... हे काही खरे नव्हे... मला..." त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. "आठवत नाही! काही ठरवावे तर सगळे एकदम बोलतात!"

"त्या तुझ्या नव्हेत, म्हणून," राणी म्हणाली. "आचाऱ्याची कुजबुज चुलीपाशी जन्मली, ती चुलीपाशीच शहाणी. विणकराची मागापाशी. तुझ्या हाती ना चूल ना माग. तुला नुसता गलका ऐकू येणार."

"आणि माझी? माझी स्वतःची होती एक."

"ती या गलक्यात कशी ऐकू येईल?"

मांत्रिक हंड्याकडे वळला. त्याने काठाला हात लावला, मागे घेतला, पुन्हा लावला. हंडा जोराने घोंगावला. त्याच्याऐवजी आपणच हंड्याला एक लाथ मारावी असे राणीला किती वाटले! पण ती हलली नाही.

उल्कामुखाने डोळे मिटले आणि हंडा उपडा केला.

मधमाशीएवढ्या सोनेरी ठिणग्या! गुहाभर ठिणग्या! त्या राणीच्या केसांतून, मांत्रिकाच्या दाढीतून, भारद्वाजाच्या पंखांखालून निघाल्या आणि गुहेच्या तोंडातून झुंडीने नगराकडे उडाल्या. गुहा शांत झाली. हंड्याच्या तळाशी एकच ठिणगी उरली होती. सर्वांत आधी आत पडलेली, सर्वांच्या खाली दबलेली, मंद. तिला उडता येत नव्हते.

"ही राजाची," उल्कामुख म्हणाला. "हंडा आता निर्विष आहे. मघाशी शिवली असतीस, तर तुझीही आत गेली असती."

राणीने ठिणगी उचलून ओंजळीत घेतली. ती कोमट होती.

मांत्रिकाने कान टवकारले, जणू दूरचे काही ऐकतो आहे. मग त्याने कितीतरी काळानंतर एक अख्खे वाक्य उच्चारले. "अजगरा, राणीला घरी पोचव." आणि ताटातला घास तोंडात घालून तो तिथेच आडवा झाला आणि घोरू लागला.

मग काय विचारता! कासवाने काही न विचारता सरोवर ओलांडून दिले. काठावर अजगर फूत्कारत वाट पाहत होता. राणी त्याच्या मानेवर बसली, आणि रान दोन्ही बाजूंनी हिरव्या रेघांसारखे मागे धावू लागले. वर भारद्वाज ओरडत होता, "धर! घट्ट धर!"

नगरात ठिणग्या आधीच पोचल्या होत्या. हलवायाने एका हाताने झारा फिरवता फिरवताच दुसऱ्या हाताचे बोट कढईत घातले, चाखले आणि थुंकला. वैद्यबुवांनी पुढच्या रोग्याची नाडी धरली आणि ते म्हणाले, "अरे, तुला चूर्ण नको, तुला झोप हवी." आणि बुरुजाभोवतालची माणसे, कुणी न सांगता, पोराबाळांना घेऊन लांब सरकू लागली होती.

भानुदत्ताने राणीची वाट अडवली. "वर जाऊ नका, राणीसाहेब! मला सांगता येत नाही, पण बुरुज आता उभा राहणार नाही."

"म्हणून तर जायचे," राणी म्हणाली.

ती चढू लागली. जिन्याच्या भिंतींतून चुना गळत होता, दगड दातांसारखे करकरत होते. वर राजा आणखी उंच गेला होता. आणखी एक दगड बसला असता तर सगळे त्याच्यासकट खाली गेले असते.

"वेला! थोडेच—"

राणीने त्याच्या कानापाशी ओंजळ उघडली.

ठिणगी आत गेली. मणिकेतू बोलता बोलता थांबला. दगड त्याच्या हातात तसाच राहिला. त्याने पायाखाली पाहिले, मग राणीकडे.

"हा बुरुज हलतो आहे."

"हो, महाराज."

"केव्हापासून?"

"खाली सांगते. चला!"

पाय वळले. पण नेम अजून खांबावर होता, आणि हात नेमाचे होते. उतरता उतरता राजाचे हात प्रत्येक दगडाला जाऊन चिकटत, उचलू पाहत. राणीने फाटका शेला सोडून त्याचे दोन्ही हात करकचून बांधले आणि शेल्याचे टोक धरून ती त्याला ओढत निघाली. वरचा जिना त्यांच्यामागे कोसळत होता. धुळीत श्वास कोंडत होता. "पळा, महाराज!" दोघे दारातून बाहेर पडली, चौक ओलांडला, आणि राजाने बांधलेले हात खांबावर टेकवले.

त्या खांबापाशी आजवर हजारो नेम बोलले गेले होते. जे मणिकेतू बोलला ते कुणीच बोलले नव्हते.

"हा नेम," तो म्हणाला, "मी सोडला."

सोन्याचे पहिले अक्षर गळून पडले. मग दुसरे. मग सगळी अक्षरे पानगळीसारखी झडली, काळा पाषाण माथ्यापासून पायापर्यंत उभा चिरला, आणि राज्यातले सगळे हात एकदम मोकळे झाले. त्याच क्षणी बुरुज कलला आणि मोकळ्या मैदानावर कोसळला. त्याखाली मुंगीसुद्धा सापडली नाही.

धूळ बसली तेव्हा राजा मातीत बसला होता. "मी तुला समुद्र देणार होतो," तो म्हणाला.

राणी त्याच्या हातांची गाठ सोडत होती. "रथ जोडायला सांगितला असतात, महाराज, तरी चालले असते."

राजाने तिच्याकडे पाहिले आणि त्याला हसू आले, आणि हसता हसता तो रडला.

खांबाचा शाप फिटला, पण राजा धसकला. त्याने फर्मान काढले की यापुढे राज्यात कुणी कसलाही नेम करायचा नाही. ते ऐकून राणी दरबारात उभी राहिली. "महाराज, नेम नसता तर मी त्या दरीत उतरले असते आणि तिथेच संपले असते. नेम हवा. तो सोडायची मुभाही हवी. आणि तळ्याचा काठ अजून बांधायचा आहे."

फर्मान फाडले गेले. तळ्याचा काठ बांधून झाला. मग नदीवर पूल बांधायचे ठरले, आणि तो सुगीच्या आत पुरा व्हावा असे सगळ्यांनी मिळून ठरवले. अर्धा पूल झाला असताना एके सकाळी प्रधान भानुदत्ताने हात वर केला.

"महाराज, मधल्या खांबाबद्दल मन घेत नाही."

"कारण?" राजाने विचारले.

"सापडले की सांगतो."

पूर्वी राजा यावर ओरडला असता. आता त्याने काम थांबवले, अंगरखा काढला, आणि तो स्वतः प्रधानाबरोबर पाण्यात उतरला. बांबू खुपसून दोघांनी तळ चाचपला. आधीही असे दोनदा थांबले होते आणि काही निघाले नव्हते. तेव्हा लोक हसले आणि पुन्हा कामाला लागले. या वेळी बांबू बुडतच गेला. खाली नुसता गाळ होता. मधला खांब जरा अलीकडे, खडकावर घेतला. त्यापायी उशीर झाला, सुगीही आली, पण धान्याच्या गाड्या येण्याआधी पूल उभा राहिला.

पहिला हत्ती गेला. मग राजाराणी गेली, प्रधान गेला, विणकर आणि हलवाई गेले, आणि कठड्यावर बसलेल्या भारद्वाजाला पाहायला प्रत्येक जण क्षणभर थांबला. सगळी पल्याड पोचली, आणि त्यांच्यामागून ही कथाही पल्याड पोचली.